शनिवारचा चित्रकलेचा तास

(शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



शिक्षणाच्या प्रश्नावर आपल्या शिबिरांतून जी भाषणे होतात, त्यांत अनुदान येते, शिक्षकांची रिक्त पदे येतात, खाजगीकरण येते, मुलांची गळती येते. हे सारे आलेच पाहिजे. चित्रकलेचा तास मात्र कधी येत नाही. तो काढला तर मागच्या रांगेतून कुणी तरी हसेल, अशी धास्ती वक्त्याला वाटत असावी. जेथे शाळेच्या पत्र्याला भोके आहेत, तेथे रंगपेटीची चर्चा करणे म्हणजे पोटभरल्या माणसांची चैन, असे आपल्यापैकी पुष्कळांना मनातून वाटते. हे वाटणे एकदा तपासून पाहावे, एवढ्यासाठी एका छात्राध्यापिकेची हकीकत येथे सांगायची आहे. तिचे नाव किंवा शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या अंगावरची, जिल्हा परिषदेची आणि आठवीपर्यंतची, एवढे पुरे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि विद्यार्थ्यांनी वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावेत असे ठरवले. ही मुलगी त्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील एस.टी.त वाहक, घर तालुक्याच्या गावी. अध्यापनाचे विषय मराठी आणि इतिहास. जुलैत ती शाळेत रुजू झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढे ठेवले आणि शनिवारच्या सकाळचे शेवटचे दोन तास तिच्या नावावर लिहिले. सहावीची चित्रकला. एरवी हे तास वर्गशिक्षकांकडे असत, आणि वर्गशिक्षक त्या वेळी गणिताचा राहिलेला भाग तरी घेत, नाही तर ऑनलाइन माहिती भरण्याचे काम उरकत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेबही त्यांच्याच गळ्यात होता. मुलीने शाळेत असताना शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या होत्या. एवढे भांडवल शाळेला पुरेसे वाटले. वर्गशिक्षकांच्या मदतीला म्हणून ती गेली आणि दुसऱ्याच शनिवारी वर्गात एकटी उरली.

वर्गात एकतीस मुले. रंगपेट्या चार. पहिल्या दिवशी तिने सांगितले, तुम्हाला हवे ते चित्र काढा. अर्ध्या तासाने तिने वह्या पाहिल्या तर एकतीसपैकी सत्तावीस वह्यांत एकच चित्र होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून पानाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि झोपडीवर झुकलेले नारळाचे झाड. आकाशात चार पक्षी, तेही चार आकडा उलटा टाकावा तसे. हे चित्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत आहे. येथे बसलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी काढलेले आहे.

वस्तुतः बालाघाटाच्या डोंगरांचे माथे सपाट आहेत, त्रिकोणी शिखर तेथे दिसत नाही. त्या गावाला नदी म्हणून जी आहे, ती पावसाळ्यातले काही दिवस वाहते. आणि नारळ? त्या शिवारात बाभूळ आहे, लिंब आहे, बोर आहे, सीताफळाची झुडपे तर बांधाबांधावर आहेत. नारळ देवाला फोडायला दुकानातून येतो. तिने विचारले, हे झाड कुणी पाहिले आहे का? एक मुलगा म्हणाला, "पाहिलंय की मॅडम, फळ्यावर." यात विनोद नव्हता. चित्र म्हणजे फळ्यावरून वहीत उतरवायची वस्तू, हे तो पहिलीपासून शिकत आला होता. पाढे जसे उतरवायचे, कविता जशी उतरवायची, तसाच हा डोंगर. आपल्या डोळ्यांसमोरचा डोंगर हा चित्राचा विषय होऊ शकतो, असे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. मग आपल्या बापाचे काम, आपले घर, आपली माणसे हीही शाळेच्या कामाची नाहीत, असा हिशेब मूल न बोलता मांडत असले तर त्यात नवल ते काय?

पुढच्या शनिवारी तिने फळा पुसून कोरा ठेवला आणि सांगितले की, गावात काल जे पाहिले तेच काढायचे. येथे तिच्या हातून एक चूक झाली, आणि हकीकतीतला तो भाग झाकून ठेवण्यासारखा नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने बैलगाडी काढली. गाडीला शेजारीशेजारी दोन चाके, दोन्ही पूर्ण वाटोळी. बैलांचे आठही पाय स्पष्ट, कुणाचा कुणामागे लपलेला नाही. इंटरमिजिएटला वस्तूची घनता आणि अंतर दाखवायला शिकलेल्या मुलीला ते सहन झाले नाही. तिने रबर घेतले, पलीकडचे चाक पुसले, चार पाय पुसले आणि गाडी कशी दिसते ते स्वतःच्या हाताने काढून दाखवले. मुलगा पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एका चाकावर गाडी चालती का?" वर्ग हसला, तीही हसली. त्यानंतर तीन शनिवार तो मुलगा कोरा कागद घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राही आणि म्हणे, "तुम्हीच काढा."

मुलाने गाडी पाहिलेली होती, जुंपलेली होती, तिच्या आकात वंगण घातलेले होते. त्याला जे ठाऊक होते ते त्याने काढले. बाईंना गाडी कोठून कशी दिसते एवढेच ठाऊक होते. दोघांत अडाणी कोण, हा प्रश्न तिने त्या रात्री आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला आहे. लहान मुले वस्तूचे दिसणारे अंग न काढता त्यांना माहीत असलेली सगळी अंगे मांडतात, हे बालचित्रकलेच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवलेले आहे. बी.एड.च्या नव्या अभ्यासक्रमात 'नाट्य आणि कला' असा एक भागही आहे. पण तिच्या महाविद्यालयात तो भाग म्हणजे पुठ्ठ्याची शोभेची वस्तू करून जमा करणे, एवढ्यावर उरकला गेला होता.

हा मुलगा पुन्हा सापडला तो पोळ्याला. गावातून जाताना तिला तो ओट्याजवळ दिसला. बैल धुऊन उभे होते, शिंगांना हिंगूळ लागला होता, आणि हा गेरूच्या वाटीत बोटे बुडवून बैलाच्या पाठीवर ठिपके आणि पंजे उमटवत होता, अंतर न मोजता आणि तरीही सारख्या अंतरावर. सोमवारी तिने त्याला विचारले, तो गेरू शाळेत आणशील का? त्याने आणला. मग एकेकाने काही तरी आणले. कुणी चुना, कुणी तव्याची काजळी, कुणी चिमूटभर हळद, कुणी विटकरीचा भुगा. बाभळीचा डिंक पाण्यात उकळून चिकटा तयार झाला. वापरलेल्या वर्तमानपत्रांवर आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर कामाला सुरुवात झाली. हळदीच्या वाटीत एका मुलीच्या हातून चुना पडला आणि पिवळ्याचे लालभडक झाले, तेव्हा वर्गात जो गलका उठला तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले. कुंकू असेच करत, हे त्यांनीच मुलांना सांगितले. पुढचा अर्धा तास ते विज्ञान शिकवत उभे राहिले, तेही शनिवारी, घरी जायची वेळ झालेली असताना. रंगपेट्यांचा प्रश्न यामुळे सुटला, असा अर्थ कुणी काढू नये. मातीचे रंग आहेत म्हणून गरिबाच्या मुलाला पेटी नको, असे म्हणणारे अधिकारीही पुष्कळ भेटतील.

येथे जरा मागे वळून पाहिले पाहिजे, कारण हा विचार या देशाला नवा नाही. 1936 च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम आपल्या अभ्यासवर्गांत शिकवला जातो. फैजपूरचा मांडव कुणाच्या ध्यानी नसतो. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना गांधीजींनी तेथे बोलावून घेतले आणि बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून अधिवेशननगरी उभी करायला सांगितले. पुढच्याच वर्षी, 1937 च्या ऑक्टोबरात, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम मांडला, त्यात मूलोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या पंक्तीला चित्रकला आणि संगीत बसवलेले होते. 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि तेथील मुलांबरोबरच्या अनुभवावर त्यांनी लेखन केले. इंग्रजीतील त्यांचे 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1998 मध्ये काढले. शीर्षकातच त्यांचे म्हणणे आले. नई तालीमचा वारसा सांगणाऱ्यांनी चरखा आणि टकळी उचलली, कुंचला वर्ध्यालाच ठेवला. समाजवाद्यांनी तर हा सगळा प्रकार आश्रमातला म्हणून बाजूला सारला. त्या वेळी ते कदाचित स्वाभाविक असेल. आज ते परवडणारे नाही.

शाळांत राहिली ती दुसरी परंपरा. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईत 1857 साली कलाशाळा सुरू झाली, ती कारागिरांचा हात सुधारावा या हेतूने. इंग्रजी अमदानीतली चित्रकला हातावर आणि मापावर भर देणारी होती, आणि शाळांमधली चित्रकला पुष्कळ अंशी तशीच राहिली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती. या परीक्षांनी महाराष्ट्राला अनेक चांगले चित्रकार दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत जादा गुण मिळू लागल्यापासून शहरांत त्यांचे शिकवणीवर्ग निघाले. एकाच राज्यात एका मुलाला चित्रकला गुणांची बेरीज वाढवते, आणि दुसऱ्या मुलाच्या वेळापत्रकातून ती गणिताच्या राहिलेल्या भागासाठी उचलली जाते.

आणि कायदा? 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे. तो अंशकालीन असेल आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तरच. या शाळेत त्या तीन वर्गांत मिळून चौऱ्याऐंशी मुले होती. म्हणजे मोठ्या गावच्या मुलाला, आणि त्यालाही अर्धवेळ, जे द्यायचे ते लहान गावच्या मुलाला द्यायचेच नाही, असे कायद्याने आकडा घालून ठरवलेले आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला सक्तीची असावी असे म्हटले होते. ते कागदावर, आणि हा आकडाही कागदावरच; पण अंमल आकड्याचा होतो. शिक्षकभरतीच्या मागण्यांचे निवेदन लिहिताना आपल्या संघटनांनी या शंभराला हात घातल्याचे फारसे ऐकिवात नाही.

पुन्हा त्या वर्गाकडे. सप्टेंबरात तिने विषय दिला, 'आमचे घर'. एका मुलीने हात वर करून विचारले, "कोणतं घर, मॅडम? हितलं का तिकडलं?"

'तिकडले' म्हणजे कोपी. त्या वर्गातली बहुसंख्य मुले ऊसतोड मजुरांची होती. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामे होते. मुकादम उन्हाळ्यापासूनच उचल देऊन ठेवतो, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि ती जोडी मुलांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते ती मार्च-एप्रिलमध्ये परतते. आजी-आजोबा असतील आणि हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर काही मुले मागे राहतात. बाकीची फडात धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात. आंदोलनांच्या निमित्ताने हे सर्व आपण शेकडो वेळा सांगितलेले आहे. त्या दोन तासांत मुलांनी ते स्वतः सांगितले. वर्तमानपत्रांच्या कागदांवर काजळीच्या रेघांनी कोप्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. नारळाच्या जागी कारखान्याचे धुराडे आले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई तीन चित्रांत होती, आणि तिघांनीही फळी अगदी अरुंद काढली होती. एका चित्रात रात्र होती, आणि काळ्या रंगात फक्त ट्रॅक्टरचे दोन दिवे आणि कोपीच्या दारात एक पोर. बैलगाडीवाल्या मुलाने पुन्हा गाडी काढली. चाके दोन, पूर्ण वाटोळी. या वेळी कुणी रबर घेतले नाही.

'कोणतं घर' विचारणाऱ्या मुलीने इथलेच घर काढले. दारात खाटेवर एक मोठा माणूस बसलेला, मांडीवर वही, हातात नोटा. समोर जमिनीवर दोन लहान माणसे, एक पागोट्याचा आणि एक पदर घेतलेली, आणि त्यांच्यावर एक कोयता, तो त्या दोघांहून मोठा. गेरूने रंगवलेला.

2 ऑक्टोबरला शाळेत चित्रांचे प्रदर्शन मांडायचे ठरले. केंद्रप्रमुख येणार होते, पालक येणार होते. आदल्या संध्याकाळी चित्रे दोरीला टाचण्या लावून टांगून झाली. मुख्याध्यापक एकेक पाहत आले, कारखान्याच्या चित्रांपाशी थांबले, एकदोनदा मान हलवली, आणि त्या मुलीच्या चित्रापाशी आल्यावर म्हणाले, "हे खाली घ्या." गावातला मुकादम शाळा व्यवस्थापन समितीत होता. शाळेच्या पत्र्यांसाठी त्याने वर्गणीही दिली होती. ती काही बोलणार एवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही महिनाअखेर जाल. मला इथं राहायचं आहे. आणि तिच्या बापालाही उचल इथंच घ्यायची आहे." यातले शेवटचे वाक्य खोटे नव्हते.

तिने चित्र खाली घेतले. टाचण्या स्वतःच काढल्या. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन छान झाले. केंद्रप्रमुखांनी हळदीचे आणि गेरूचे रंग पाहून कौतुक केले, महाविद्यालयातून निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनी तिच्या वहीत 'नियोजन उत्तम, साधनांचा कल्पक वापर' असा शेरा लिहिला. मुलीने दोरीवर आपले चित्र शोधले, सापडले नाही, विचारलेही नाही. हे न विचारणे त्या छात्राध्यापिकेला सगळ्यात जास्त लागले. ऐन वेळी मुख्याध्यापकांशी भांडायला हवे होते का, याचे उत्तर तिला सापडलेले नाही, आणि लांब बसून ते देणे सोपे आहे. चार रंगपेट्यांच्या शाळेत एका कागदाने दोन माणसांना भिववले, एवढे मात्र तेथे घडले. ज्या विषयाला कुणी विषय मानत नाही, त्याची ही ताकद आपल्याही लक्षात आलेली नव्हती.

सत्र संपताना मूल्यमापनाच्या नोंदी भरायच्या होत्या. कलेला लेखी परीक्षा नाही, वर्णनात्मक नोंदी असतात. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने. बाजारात या नोंदींची तयार पुस्तके मिळतात, आणि त्यांतून उतरवलेल्या वाक्यांप्रमाणे जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांना रंगसंगतीचे ज्ञान असते. मुख्याध्यापकांनी ते पुस्तक तिच्याकडे दिले. तिने ते वापरले नाही, एकतीस मुलांच्या नोंदी स्वतः लिहिल्या. बैलगाडीच्या मुलापुढे लिहिले, 'वस्तू पूर्ण पाहतो.' त्या मुलीपुढे, विशेष प्रगतीच्या रकान्यात, 'जे पाहते ते काढते.' सुधारणेचा रकाना रिकामा सोडला.

मुख्याध्यापकांनी नोंदवही परत केली. रकाना कोरा चालत नाही, तपासणीत अडचण येते. मुलीच्या घरचे सामान तोपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले होते, वर्गात बारा मुले होती. छात्राध्यापिकेने वही घेतली आणि त्या रकान्यात लिहिले, 'वर्गात आणखी पाच महिने राहणे आवश्यक.' मुख्याध्यापकांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुन्हा लावला, खाली सही केली आणि पान उलटले.